उजव्या फुप्फुसातली राखणदार

मित्रांनो, एका गाभण गाईच्या उजव्या फुप्फुसाच्या तळाशी हवेची एक कोठी आहे, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्या कोठीची जुनी राखणदार मी. मी एक पेशी आहे, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना मी दिसायची नाही. शास्त्रज्ञ आम्हाला भक्षक पेशी म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. मी खाते ती धूळ, बुरशी आणि मेलेल्या पेशींचा केरकचरा.

ही गाय आपल्या आईच्या पोटात होती, तेव्हापासून आमचं कुळ इथे राहतं. आम्हाला नेम एकच. श्वासाबरोबर जे नको ते आत येईल, ते उचलायचं आणि कोठी स्वच्छ ठेवायची. ज्याने श्वास दिला त्याची ही सेवा, असं मी मानत आले. नेम कधी चुकवला नाही. म्हणूनच पुढे जे झालं ते अजून मनाला लागून आहे.

गाईला घरात थोरली म्हणतात. मालकीण धार काढताना तिच्या कुशीला कपाळ टेकवते, तेव्हा बाहेरचं बोलणं फासळ्यांमधून आत घुमतं. बाहेरच्या जगाची माझी ओळख तेवढीच. थोरलीला सहावा महिना लागला होता, तेव्हा बाजारातून एक कालवड आणली. नवं जनावर तीन आठवडे वेगळं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मालकिणीने तिला पलीकडच्या अवजारांच्या खोलीत बांधलं. कालवड दिवसभर हंबरत राहिली.

"अगं, लेकरू आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "सासरी आले त्या दिवशी मीही रडले होते. मला कुणी फावड्या-कुदळींत कोंडलं नव्हतं."

"तुम्हाला खोकला नव्हता, आई."

"दोनदा ढासली, त्याचा केवढा बाऊ."

दुसऱ्या दिवशी पाहुणी थोरलीच्या शेजारी आली. दोघी एका गव्हाणीत खाऊ लागल्या.

पाचव्या दिवशी एका थेंबावर बसून विषाणू माझ्या कोठीत उतरला. मित्रांनो, विषाणूला तोंड नसतं, पाय नसतात. त्याच्याजवळ एक चिठ्ठी असते: माझ्यासारखे आणखी बनव. भोळी पेशी ती चिठ्ठी वाचते आणि तसंच करत सुटते. माझ्या भिंतीतली एक पेशी अशीच फसली. मी काही विषाणू गिळले, आणि चिठ्ठीचं अक्षर आपल्या घरचं नाही हे ओळखलं.

मग मी हाक दिली. पहिली हाक शेजारणींना, की दारं लावून घ्या. दुसरी रक्तातल्या शिपाई पेशींना, की धावून या. त्यांना वाट मिळावी म्हणून रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल झाल्या. अंग तापलं. याला दाह म्हणतात. तुमच्या बोटाला काटा लागला की ते सुजतं, ठणकतं, तीही आमचीच हाक असते.

इथपर्यंत माझं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे. मला थांबता आलं नाही. घाबरलेलं माणूस दार उघडलं तरी कडी वाजवतच राहतं, तसं माझं झालं. मी हाका मारत राहिले, बाकीच्या राखणदार माझं ऐकून ओरडू लागल्या. शिपाई आले ते झुंडीने. आपलं तिखट विष शिंपडत ते जागच्या जागी फुटू लागले. सैल भिंतींतून पाणी झिरपलं, आणि माझी कोठी निम्मी भरली. हवा दारापर्यंत यायची आणि परत जायची. विषाणूने जितकी नासधूस केली नव्हती, तितकी आम्ही राखणदारांनी केली.

बाहेर थोरली मान लांब करून तोंडाने श्वास घेत होती. तिला गारठा बाधेल म्हणून मालकिणीने गोठ्याच्या सगळ्या खिडक्यांना पोती ठोकली. मुताचा उग्र दर्प आत कोंडला. तो झोंबला तशा आम्ही आणखी ओरडलो.

सकाळी डॉक्टर आले ते दारातच थांबले. "गोठा आहे की ट्रंक? कुलूप तेवढं लावायचं राहिलंय." आधी त्यांनी पोती उतरवली, मग फासळ्यांवर नळी ठेवली. नळीची गार चकती माझ्या अगदी डोक्यावर होती.

"उजवीकडे खाली हवा जात नाही," ते म्हणाले.

"वाचेल का?" मालकिणीने विचारलं.

"विषाणूवर माझ्याकडे औषध नाही, ते तिचं तिलाच निस्तरायचंय. दाह उतरायला इंजेक्शन देतो. या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून दुसरं एक देतो. उद्या दुपारपर्यंत श्वास संथ झाला, तर दोघंही वाचतील. ती आणि पोटातलं."

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "शेजारी बांधायला मीच लावलं."

"पोती मी लावली, आई," मालकीण म्हणाली.

औषध रक्तातून आलं आणि आमचा गोंगाट ओसरू लागला. मीही गप्प झाले. भोवती फुटलेल्या शिपायांचा खच पडला होता. माझ्याच हाकेला ओ देऊन आलेले ते. एकेकाला उचलून मी माझ्या नेमाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कोठीत हवा आली. थोडीशीच, पण आली. मालकिणीने कुशीला कपाळ टेकवलं आणि पोटातून तिला एक लाथ बसली. ती रडली की हसली, मला आतून कळलं नाही.

शेजारच्या कोठ्या मात्र उघडल्या नाहीत. तिथे आता नुसता व्रण आहे. चढावर थोरलीला दोनदा थांबावं लागतं.

मित्रांनो, मला एक काळजी आहे. विषाणू पुन्हा येईल. मी हाक दिली नाही तर थोरली जाईल, आणि थांबले नाही तरी जाईल. माप मला अजून नीट उमगलेलं नाही. म्हणून तुम्हाला विनवते. नवं जनावर कितीही हंबरलं तरी तीन आठवडे वेगळं ठेवा. त्याच्याजवळ जाऊन बसा हवं तर, पण वेगळं ठेवा. गोठ्यात वारा खेळू द्या. आणि ताप दिसला, की त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. आमच्यावर सगळं सोडू नका.

हल्ली मालकीण रोज सकाळी उजव्या फासळ्यांना खाली कान लावते. ऐकताना ती स्वतःचा श्वास रोखून धरते. ज्या कोठ्या गप्प झाल्या, त्यांच्या शेजारीच मी असते. ती ऐकत असते तोवर मी माझी कोठी झाडते, अगदी आवाज न करता.