काचेमागची टोपी

मी एक जुनी टोपी आहे. डोक्यावर घालायची नव्हे, विमानाच्या नळीवर घालायची. मित्रांनो, हसू आलं असेल तर हसून घ्या. मला त्याचं काही वाटत नाही. हल्ली मला कशाचंच फारसं वाटत नाही, आणि तसं का झालं तेच तुम्हाला सांगायचं आहे.

शिकाऊ विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. तिला पुढून एक बारीक भोक असतं. विमान पळू लागलं की त्या भोकात हवा शिरते, आणि हवेच्या दाबावरून आतला काटा वेग दाखवतो. वेग फार कमी झाला तर पंख विमानाला पेलत नाहीत आणि ते पडतं. फार जास्त असला तर नीट उतरता येत नाही. म्हणून ते भोक साफ राहिलं पाहिजे. विमान उभं असताना त्यात धूळ, पाणी, किडे जाऊ नयेत यासाठी मी. उडण्याआधी मला काढायचं, उतरल्यावर पुन्हा घालायचं. माझं एवढंच काम.

दारव्ह्याहून दिग्रसकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो. तिथून आत माळावर एक छोटी उड्डाणशाळा आहे. एक धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, दोन पांढरी विमानं आणि एक ऑफिस. त्यातल्या एका विमानाची, कारखान्यातून आलेली मूळ टोपी इथल्या उन्हात तीन वर्षांत फाटली. नवी येईपर्यंत नागोरावांनी नळीला प्लास्टिकची पन्नी बांधून ठेवली होती. नागोराव म्हणजे विमानं ढकलणारे, बांधणारे, पुसणारे. त्यांच्या हातून विमानाला कधी ओरखडा गेला नाही, पण पन्नी पाहून मधुसूदन सर तापले. सर या शाळेत उडायला शिकवतात.

"नागोराव, ही पन्नी उडून इंजिनासमोरच्या पंख्यात गेली म्हणजे?"

"मंग काय बांधू सर? तुमची टोपी तं फाटून चिंध्या झाली."

तेव्हा हँगर झाडणाऱ्या धुरपताबाई तिथेच होत्या. त्या शेजारच्या तांड्यावर राहतात. झाडू बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मले माप दाखवा. म्या शिवून देतो."

त्यांनी नळी दोन बोटांत धरून पाहिली आणि चौथ्या दिवशी मला घेऊन आल्या. आतून कापसाच्या बोऱ्याचं जाड कापड, बाहेरून त्यांच्या जुन्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, लाल काठ, त्यावर पिवळ्या-निळ्या दोऱ्याचं बारीक टाक्यांचं काम आणि चार छोटे आरसे. खाली हातभर लांब लाल पट्टी, दुरूनही दिसेल अशी. मी नळीवर अशी घट्ट बसले की नागोराव म्हणाले, "बाई, हे तं विमानाचं बाशिंग झालं!" सगळे हसले. सरांनी मला ओढून पाहिलं, भोक झाकलं गेलंय का ते बघितलं आणि फक्त मान हलवली. सरांनी मान हलवली म्हणजे फार झालं.

त्यानंतरची दोन वर्षं माझी चांगली गेली. सरांचा एक नियम होता. जो उडणार त्यानेच स्वतःच्या हाताने टोपी काढायची, वाकून भोकात बघायचं आणि मगच तपासणीच्या कागदावर खूण करायची. त्या कागदावर चाळीस चौकोन होते. तेल पाहिलं, चाकं पाहिली, दिवे पाहिले. सातवा चौकोन माझा: 'नळीची टोपी काढली.' मुलं विमानाभोवती फिरत यायची, वाऱ्यावर माझी पट्टी फडफडताना दिसली की थांबायची. मी हातात आले की नजर आपोआप भोकाकडे जायची. माझं खरं काम किडे अडवण्याचं, पण मुलांना वाकायला लावण्याचंही होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, मी सुंदर आहे म्हणून ती थांबतात.

त्यांच्यातच शाल्मली होती. ती यवतमाळची. तिचे आजोबा कलेक्टर कचेरीत होते, वडील बँकेत आहेत, आई शाळेत शिकवते. घरात पिढ्यान्‌पिढ्या टेबल-खुर्चीची नोकरी, आणि ही पोर रोज सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरून माळावर चालत यायची. मला काढताना ती हळूच म्हणायची, "चल गं, सुट्टी तुझी." मग माझी घडी घालून खिशात ठेवायची. मी तिच्या खिशातून पुष्कळ वेळा आकाशात गेले आहे.

गेल्या वर्षी शाळेचा वाढदिवस झाला. शहरातून एक पाहुण्या आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि त्या हळहळल्या. "अहो, एवढी सुरेख कलाकुसर तुम्ही उन्हात वाळत घातलीय? ही जपून ठेवायची वस्तू आहे." संचालकांना ते पटलं. कौतुक कुणाला पटत नाही? मलाही पटलं. आठ दिवसांत मला लाकडी चौकटीत, काचेमागे, चार टाचण्या मारून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. खाली धुरपताबाईंचं नाव छापलेली पट्टी होती.

धुरपताबाई नाव पाहून खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "मंग नळीले काय?"

"कारखान्याची नवी टोपी मागवलीय मावशी. येईल आठवड्यात," संचालक म्हणाले.

"तोवर दुसरी शिवून देतो ना."

"नको, नको. आता जे काय लावायचं ते नियमातलं."

नवी टोपी आठवड्यात आली नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. दोन दिवस नागोरावांनी रुमाल बांधला, मग रुमाल धुवायला नेला तो राहूनच गेला. सगळे कामात होते. कुणी वाईट नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते.

काचेमागे वारा नसतो. ऊनही नसतं, धूळही नसते. पहिल्या दोन-तीन दिवसांत मला ते बरं वाटलं. मग काहीच वाटेनासं झालं. समोर खिडकी होती, खिडकीतून धावपट्टीचं एक टोक दिसायचं. माझ्या खाली टेबलावर रेडिओचा संच होता. विमानातली मुलं आणि सर काय बोलतात ते ऐकू यायचं, पण काचेमुळे दबल्यासारखं. लोक यायचे, माझ्याकडे बघून "वा" म्हणायचे आणि जायचे.

पाऊस संपून माळ वाळत आला होता. त्या दिवसांत कुंभारीण माशी चिखलाचे बारके गोळे उचलून घर बांधायला भोक शोधत फिरते. तिला एक भोक सापडलं. तिचा काय दोष? उघडंच होतं.

त्या सकाळी शाल्मली एकटीने उडणार होती. एकटीने जाण्याची तिची ती तिसरी वेळ. विमानाभोवती ती फिरली असेल. पट्टी फडफडत नव्हती, म्हणून थांबण्याचं कारण नव्हतं. सातव्या चौकोनात तिने खूण केली. टोपी तर नाहीच आहे, म्हणजे काढलेलीच आहे, असं हाताला वाटलं असेल. सरांनी खाली सही केली आणि छोटा रेडिओ हातात घेऊन ते बाहेर जाऊन उभे राहिले.

विमान पळालं, उठलं, माझ्या खिडकीसमोरून गेलं. थोड्या वेळाने टेबलावरच्या संचातून तिचा आवाज आला. "सर, वेगाचा काटा चाळीसवरच थांबलाय."

"इंजिन?"

"बरोबर आहे."

"वर चढते आहेस?"

"हो सर."

रेडिओवर नेहमी इंग्रजीत बोलणारे सर त्या दिवशी मराठीत बोलले. "मग काटा खोटा आहे. त्याच्याकडे बघूच नको. नाक क्षितिजाच्या किती खाली आहे ते बघ. इंजिनाचा आवाज ऐक. तुला आवाज पाठ आहे."

"हो सर."

"एक चक्कर मार. घाई नाही."

तिने दोन चकरा मारल्या. नागोराव धावपट्टीकडे पळत गेले. धुरपताबाई ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकदा वर माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं? काहीच नाही. मला हे सांगायला लाज वाटते, पण मी खोटं सांगणार नाही. जिच्या खिशात बसून मी आकाश पाहिलं ती पोर वर होती, तिचा जीव एका खोट्या काट्यावर टांगलेला होता, आणि मी चार टाचण्यांवर सरळ, स्वच्छ, सुरक्षित होते.

वेग कमी पडून विमान कोसळू नये म्हणून ती जरा जास्तच वेगात उतरली. चाकं टेकली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं. धावपट्टी संपली. पुढे तुरीचं शेत होतं. पुढचं चाक मोडलं आणि विमान नाक खुपसून थांबलं. खिडकीतून मला फक्त धूळ दिसली. बऱ्याच वेळाने संचातून नागोरावांचा आवाज आला. त्यांनी सरांचा रेडिओ घेतला असावा. "जित्ती आहे. पोरगी जित्ती आहे. कोणी काहून बोलून नाई राह्यलं? आइकू येते का?"

तिचं डाव्या खांद्याचं हाड आणि मनगट मोडलं होतं. विमान पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही.

चौथ्या दिवशी चौकशीला दोन अधिकारी आले. त्यांनी तारेने नळीतून चिखल काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. हरभऱ्याएवढा गोळा आणि त्यात एक वाळकी अळी. मग त्यांनी तपासणीचे कागद मागितले आणि टेबलावर ओळीने मांडले. एकवीस दिवसांचे कागद, सहा वेगवेगळ्या मुलांचे. प्रत्येकावर सातव्या चौकोनात खूण: टोपी काढली, टोपी काढली, टोपी काढली.

मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुठली टोपी काढत होतात?"

मग एकेक करून सगळ्यांनी वर भिंतीकडे पाहिलं.

शाल्मली गळ्यात हात बांधून आली होती. तिचे वडील बाहेर गाडीत बसले होते. ती म्हणाली, "त्या दिवशीची खूण माझी आहे. मी न बघता केली."

"आणि मी न बघता सही केली," सर म्हणाले.

संचालक मान खाली घालून काचेचं, पाहुण्यांचं सांगू लागले. धुरपताबाईंना राहवलं नाही. "साहेब, म्या ते नळीसाठी शिवलं होतं. भिंतीले टोपी कायले लागते?"

त्याच दिवशी मला चौकटीतून काढलं. टाचण्यांची चार भोकं माझ्या अंगावर राहिली. धुरपताबाईंनी ती रफू केली आणि मी उरलेल्या विमानाच्या नळीवर, तिथल्या जुन्या टोपीच्या जागी, बसले. कारखान्याची टोपी पुढे आली, ती सरांनी अडीअडचणीसाठी कपाटात ठेवली. आता वारा लागला की मला कळतं, ऊन लागलं की कळतं. पण पूर्वीसारखं नाही. धुरपताबाई म्हणतात, हात लई वेळ दबला की मुंग्या येतात, मग हळूहळू कळायला लागतं. मी वाट बघते आहे.

फेब्रुवारीत शाल्मली परत आली. हात बरा झाला होता. घरच्यांनी अडवलं नाही आणि पाठवलंही नाही, असं ती नागोरावांना म्हणाली. पोरीला त्रास नको म्हणून नागोरावांनी मला आधीच काढून ठेवलं होतं. तिने कागद हातात घेतला, सातव्या चौकोनापाशी आली आणि थांबली.

"काका, ही मी काढलेली नाही. परत घाला."

"अवं, म्या पाह्यलं ना भोक. साफ आहे."

"परत घाला काका."

त्यांनी मला घातलं. तिने मला काढलं, वाकली, भोकात बराच वेळ पाहिलं, मग खूण केली. या वेळी ती "सुट्टी तुझी" म्हणाली नाही. माझी घडी घातली आणि मला मुठीत धरून ठेवलं. तिची मूठ थंड होती. असे एकोणचाळीस चौकोन तिने भरले. प्रत्येकाआधी हात लावला, वाकली, पाहिलं.

शेवटचा चौकोन विमानाचा नसतोच. तिथे लिहिलेलं असतं: 'वैमानिक उड्डाणास योग्य.' इतक्या वर्षांत कुणी त्याच्यापाशी क्षणभरही थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. शाल्मली पेन धरून उभी राहिली. सर दोन पावलं लांब उभे होते.

"सर, मला काहीच वाटत नाहीये. भीतीसुद्धा नाही."

सरांनी हातातला छोटा रेडिओ बंद केला.

"आधी मला भीती वाटायची, मग आनंद व्हायचा. आता आत बघते तर काहीच नाही. मग ही खूण कशी करू?"

"करू नकोस," सर म्हणाले.

तिने तो चौकोन रिकामा ठेवून कागद त्यांना दिला. सरांनी तो वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचला, खाली 'आज उड्डाण नाही' असं लिहिलं आणि सही केली. संचालकांनी विचारलं नाही, नागोरावांनी समजावलं नाही. धुरपताबाईंनी फक्त चहा आणून दिला. शाल्मलीने मला पुन्हा नळीवर घातलं आणि पट्टी नीट ओढून पाहिली.

"परवा येते सर. परत बघते."

"ये. हा कागद असाच भर."

मित्रांनो, मी काही फार शिकलेली नाही. पण तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुम्हालाही आयुष्यात पुष्कळ कागद भरायचे आहेत, पुष्कळ खुणा करायच्या आहेत. खूण करायला वेळ लागत नाही, म्हणून आधी वाका आणि बघा. ज्या वस्तूवर तुमचा जीव आहे तिला तिचं काम करू द्या, मळली तर मळू द्या. आणि नीट बघूनही खूण करावीशी वाटली नाही, तर ती जागा रिकामी ठेवायला लाजू नका. त्या दिवशी विमान हँगरमध्येच राहिलं, आणि शाल्मली साडेदहाच्या एसटीने घरी जेवायला गेली.