नुसत्या अल्कोहोलची ओळ

तिने प्रयोगशाळेतली पेशी वाढवायची, ओळीओळीने खाचा असलेली प्लेट उजेडात धरली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आतड्याच्या कॅन्सरच्या जिवंत पेशी जांभळा रंग धरतात. औषध म्हणून तपासत होते त्या पाल्याचा अर्क टाकलेली ओळ कोरी होती, म्हणजे पेशी मेल्या होत्या. पण शेजारच्या ओळीत पाला नव्हताच, तो ज्यात भिजवत ते नुसतं अल्कोहोल होतं, आणि तीही कोरीच. मारत होतं ते अल्कोहोल.

ही ओळ पहिल्याच वेळी लावायला हवी होती. तेव्हा पेशी कमी पडल्या, प्रयोगशाळेचे सर म्हणाले पुढच्या वेळी बघू, आणि हिनेही मान डोलावली. मग उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी सरांनी पाल्याने कॅन्सर मरतो अशी वर्तमानपत्रात बातमी देऊन टाकली. फोटोत सरांमागे ही उभी. तो फोटो घरी दाखवून आतड्याचा कॅन्सर झालेल्या तिच्या दादाने दोन डोसांनंतर केमो सोडली आणि पाल्याचा रस सुरू केला. प्लेटमधल्या पेशींवर चालतं ते माणसात चालतंच असं नाही, हे तिने महिनाभर सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

सर प्लेट पाहून म्हणाले, परिषदेत हे मांडायचंय, ती होऊ दे, मग पुन्हा करू. तोवर माझा भाऊ थांबेल का, असं विचारून तिने दार आपटलं.

घरी दादा खिडकीपाशी बसला होता. तिने सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. तो चिडेल, निदान घाबरेल, असं तिला वाटलं होतं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पाल्यानं काही होत नाही ते. मला ती सुई नको होती गं. आठ-आठ दिवस उलट्या. तुझं नाव पुढे केलं की घरात कुणी बोलत नव्हतं."

तिला संताप आला. मरणाच्या दारात बसून हा माणूस तिच्या पदराआड लपला होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले, नखं हिरवी.

"मी रोज पहाटे उठून तो पाला वाटत होते," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढला नव्हता. दादाने मान खाली घातली.

ती नणंदेकडे वळली. "वन्सं, दवाखान्याचा नंबर लावा. आणि फोन यांच्या हातात द्या. आता स्वतःच्या नावानं बोलू देत."

तिने नंबर लावून फोन दादाच्या हातात दिला. पलीकडून पेशंटचं नाव विचारलं. दादाने स्वतःचं नाव सांगितलं.