चिमणीची सावली

पासपोर्टचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मागे भिंतीवरून जमिनीपर्यंत उतरलेला पांढरा कागद, मधे स्टूल, डावीकडे एक दिवा आणि उजवीकडे एक, दोन्ही टेपने मोजून सारख्याच अंतरावर. गालावर सावलीचा ठिपका आला तरी फोटो कचेरीतून परत येतो. त्याचा तीस वर्षांत एकही आला नव्हता, आणि हे तो कोणी न विचारताही सांगायचा. वर म्हणायचा, "फोटो खोटं बोलत नाही."

हेच वाक्य त्याला भोवलं.

त्याची थोरली बहीण लाकडावर नक्षी कोरायची. गेल्या वर्षी ती जिन्यावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटांची टोकं बधिर राहिली. आठ महिन्यांनी ताईने पहिली फळी कोरली: फांदीवर बसलेली चिमणी. वाचनालयाला नव्या दरवाजावर नक्षी हवी होती आणि ग्रंथपालबाईंनी कामाचा फोटो मागितला होता. घरातच एवढा मोठा फोटोग्राफर असताना बाहेर कोण जातं?

त्यानेच दुकानात फोटो काढून पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं. नक्षी सुबक आहे, पण उठाव नाही. कागदावर काढल्यासारखी वाटते.

ताईने फोटो डोळ्यांजवळ नेला. "बरोबर आहे त्यांचं. बोटांना काही कळत नाही, म्हणून डोळ्यांच्या भरवशावर कोरलं. तेही फसले."

"अगं, पण फळी बघ ना."

"फळी कोरताना रोजच बघितली. मला हवं तेच दिसतं त्यात. तूच म्हणतोस ना, फोटो खोटं बोलत नाही."

ताईने कोरायच्या पटाश्या तेलाने पुसल्या, एकेक करून फडक्यात गुंडाळल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या सुताराला निरोप धाडला: शुक्रवारी चार वाजता ये आणि घेऊन जा. आठवडाभर घरात ती कामापुरतंच बोलली.

शुक्रवारी दुपारी उशिरा, तीनच्या सुमारास, तो जेवायला जायला म्हणून दुकान बंद करत होता. फळी अजून पांढऱ्या कागदालाच टेकून होती. ती परत नेऊन द्यायचा, तिच्याकडे बघायचाही धीर त्याला झाला नव्हता. नेहमीप्रमाणे त्याने आधी डावा दिवा बंद केला. उजव्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि सहज मागे पाहिलं.

चिमणी लाकडातून वर आली होती. पंखाची कड उजळली होती, पंखाखाली गडद सावली होती आणि पोट चांगलं गुबगुबीत दिसत होतं.

त्याने डावा दिवा लावला. चिमणी सपाट. विझवला. चिमणी वर. त्याच्या दोन दिव्यांनी मिळून सावली खाल्ली होती, आणि सावलीबरोबर ताईची सगळी मेहनतही. काखेत कळसा म्हणतात तो असा. दिवे विझवताना रोज एक क्षण एकच दिवा जळत असायचा, पण तेव्हा समोरचं स्टूल रिकामं असायचं. रिकाम्या स्टुलाकडे कोण बघतं?

शटर तसंच उघडं टाकून तो घरी पळाला. ताई गाठोडं मांडीवर घेऊन सुताराची वाट पाहत बसली होती. "नंतर जेवू," एवढंच बोलून त्याने तिला गाठोड्यासकट दुकानात आणलं आणि स्टुलावर बसवलं. जळता उजवा दिवा खाली घेतला, बाजूला सरकवला. डावा विझलेलाच होता.

ताई म्हणाली, "दुसरा लाव." त्याने लावला. "विझव." विझवला. असं तिने त्याच्याकडून पाच वेळा करून घेतलं. पाचव्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"माझं चुकलं, ताई," तो म्हणाला. "हात तुझा गेला नव्हता. अक्कल माझी गेली होती."

"आठ दिवस मला झोप नाही रे," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "जगाच्या नाकाखालची सावली पुसतोस, ती पूस. माझ्या चिमणीची कशाला पुसलीस?"

त्याचा जीव भांड्यात पडला. ताई टोमणा मारते आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्याने एकाच दिव्यात फोटो काढला आणि चूक आपली होती असं स्पष्ट लिहून वाचनालयाला पाठवला. तेवढ्यात मागे फडक्याची गाठ सुटल्याचा आवाज झाला. ताई फळीपुढे मांडी घालून बसली होती.

"पंखाखाली दोन घाव कमी पडलेत," ती म्हणाली. "या उजेडात आत्ता कळलं."

ज्या पांढऱ्या कागदावर तो गिऱ्हाइकाला चपलेचं टोक टेकू देत नसे, त्यावर लाकडाच्या कपच्या पडू लागल्या. मधे सुतार गाठोडं शोधत दुकानापर्यंत आला, आत डोकावला आणि हसून परत गेला.

साडेचारला मोबाइलवर उत्तर आलं. त्याने ते मोठ्याने वाचायला घेतलं. "ताई, ऐक. बाई लिहितायत, हीच का ती चिमणी? सोमवारी दाराची मापं घ्यायला..."

"थांब जरा," ताई मान वर न करता म्हणाली. "दिव्यापुढून बाजूला हो. हा घाव होऊ दे."