मागीलप्रमाणे

वाळवी लागली ती नेमकी बुडालेल्या गावाच्या दप्तराला. बाकी चाळीस गावांची दप्तरं धडधाकट होती, आणि ज्या गावाची एक भिंतसुद्धा आता धरणाच्या पाण्यावर दिसत नव्हती, त्याच गावाची घरांची नोंदवही हातात घेतली तर मातीसारखी गळून पडली. सोमवारी सकाळी शिपाई बन्सीनं गाठोडं सोडलं आणि नुसता बघत उभा राहिला. रेकॉर्ड कारकून कानिफनाथ मात्र डगमगला नाही. मूळ वही गेली तर जावो, दुबार प्रत कपाटात होती. दुबार ठेवायची ती असल्याच दिवसासाठी.

बाहेर बाकावर मेहताबबी बसली होती. अजीज पिंजाऱ्याची बायको, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. गाव उठलं तेव्हा ती केडगावला लेकाकडे होती, गाद्या भरायच्या हंगामात त्याला हात द्यायला गेलेली. नव्या गावठाणात प्लॉट वाटले त्याचा तिला पत्ताच लागला नाही. आता उरलेले प्लॉट शनिवारी वाटून यादी बंद होणार होती. पुनर्वसनाच्या साहेबांचं म्हणणं एकच होतं, की साक्षीला पंच चहाच्या कपावर शंभर मिळतात, घराच्या नोंदीची नक्कल आणा. तिच्याकडे दारावरची नंबराची पत्र्याची पाटी तेवढी होती, त्रेचाळीस नंबरची. पण पाटीवर कुणाचं नाव नसतं.

"गुरुवारी या मावशी, नक्कल तयार ठेवतो," कानिफनाथ म्हणाला.

"नक्की ना भाऊसाहेब? लेकाची खोली एक, त्यात सून आन् चार पोरं. मी दारात निजते. सून काय बोलत न्हाई, पन मला कळतं."

"नक्की."

हा शब्द देताना त्याची जीभ जराही अडखळली नाही, कारण दुबारची सगळी पद्धत त्याची स्वतःची होती. सात वर्षांपूर्वीपर्यंत दरसाल प्रत्येक गावाची वही अथपासून इतिपर्यंत उतरून काढावी लागे. नकलनविसांची बोटं वाकडी व्हायची आणि दोन महिने कचेरीत दुसरं काम व्हायचं नाही. मग कानिफनाथनं एका कागदावर पायऱ्या लिहून काढल्या. अमुक करा, मग तमुक करा, डोकं चालवायची गरज नाही. तो कागद रेकॉर्डच्या भिंतीवर चिकटला आणि दोन महिन्यांचं काम पंधरा दिवसांवर आलं. मोठ्या साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. माणूस स्वतःच्या लग्नात मिरवला नसेल इतका तो त्या कागदावर मिरवला.

मंगळवारी त्यानं दुबार उघडली. घर नंबर त्रेचाळीस, मालकाचे नाव: मा. प्र.

मा. प्र. म्हणजे मागीलप्रमाणे. गेल्या साली होतं तेच. वरच्या घरापुढे मा. प्र., खालच्या घरापुढे मा. प्र. अख्ख्या वहीत एकच नाव सापडलं, कारभारी नावाच्या कुणाचं तरी, कारण त्यानं त्याच वर्षी घर विकत घेतलं होतं.

त्याचं डोकं फिरलं. नकलनविसानं अंगचोरी केली असणार, दुसरं काय. त्यानं नकलनवीस सहादेवला बोलावून वही पुढे आपटली.

सहादेव शांतपणे म्हणाला, "भिंतीवरच्या कागदापरमानं केलंय साहेब. पाचवी पायरी. फरक नसंल तिथं मा. प्र. लिवायचं."

"बरं, मग मागच्या सालची प्रत काढ. तिच्यात बघू."

"ती कुठली आता? आठवी पायरी. नवी तपासून झाली की जुनी रद्दीत."

कानिफनाथनं एक कोरा कागद घेतला, तीन घरं मनानं मांडली, त्यांना नावं दिली आणि भिंतीवरच्या पायऱ्यांवर बोट ठेवत एकेक वर्ष पुढे सरकू लागला. पहिल्या साली तिन्ही नावं पूर्ण. दुसऱ्या साली तीन वेळा मा. प्र. मग आठवी पायरी, पहिला कागद टोपलीत. हातात उरलं ते तीन वेळा मा. प्र. काहीतरी निसटलं असेल म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच उरलं.

एकटी घेतली तर एकही पायरी चुकीची नव्हती. पाचवीनं वेळ वाचला. आठवी त्यानं दोन वर्षांनी मागून लिहिली होती, कपाटाचं दार लागेना म्हणून. दोघींनी मिळून मात्र कुंपणानंच शेत खावं तसं केलं होतं. आणि सातवी पायरी होती तपासणीची, मूळ वहीशी ताडून खूण करायची. दरसाल खूण झाली. मूळ वही शेजारीच उघडी असायची, मग का जुळणार नाही? ती नसताना दुबार वाचता येते का, हे सात वर्षांत कुणी एकदाही करून पाहिलं नव्हतं. त्यानंही नाही. रद्दी तर केव्हाच बाजारात जाऊन शेंगदाण्याच्या पुड्या झाली होती.

बुधवारी तो अव्वल कारकुनांपुढे, आबासाहेबांपुढे उभा राहिला.

"चूक माझी आहे असं लिहून देतो. मूळ वही वाळवीनं खाल्ली, दुबार माझ्या पद्धतीनं. तेवढ्यावर पंचांची साक्ष धरा म्हणावं."

"लिही, मी सही करतो," आबासाहेब म्हणाले. "पण हे पत्र जिल्ह्याला जाणार, तिथून पुनर्वसनाला. दीड महिना धर. शनिवारी यादी बंद. मी सकाळीच त्या साहेबांना भेटून आलो. ते म्हणतात, एकीला सोडलं तर सत्तर उभ्या राहतील." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बाकीच्या चाळीस गावांच्या दुबार?"

"तशाच."

आबासाहेबांनी पत्रासाठी कोरा कागद पुढे सरकवला, आणि ते कानिफनाथला शिवी खाण्याहून जड गेलं.

गुरुवारी मेहताबबी उजाडताच येऊन बसली होती. धुतलेलं लुगडं नेसून, नक्कल गुंडाळायला एक स्वच्छ फडकं घेऊन. कानिफनाथनं तिला आत खुर्चीवर बसवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हंजी तुमचं काम हलकं व्हावं म्हनून नावं लिवली न्हाईत," ती म्हणाली.

"व्हय."

"दोन शब्द तर हुते. अजीज पिंजारी."

प्लॉट गेला होता, आणि तो भिंतीवरच्या आपल्याच अक्षरानं गेला होता, हे कानिफनाथला आता कुठल्याही पायरीवर ढकलता येत नव्हतं. नकलेसाठी केलेल्या तिच्या अर्जाला उत्तर तरी द्यायला हवं होतं. नोंद आढळून येत नाही, एवढं एकच उत्तर कचेरीत शिल्लक होतं. त्यानं कागद ओढला, दौतीत टाक बुडवला आणि मान खाली घालून विचारलं, "मावशी, तुमचं पूर्ण नाव?"

"आता इचारताय व्हय," मेहताबबी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिनं नाव सांगितलं, सावकाश, एकेक शब्द, त्याच्याकडून काही सुटू नये म्हणून.