दुसरा पाय

छापखान्यात तीस वर्षं लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ पकडणाऱ्या त्या मुद्रितशोधक बाईने आपल्या कुत्रीच्या विम्यावर मात्र न वाचताच सही केली. कागद घेऊन विमा विकणारा सख्खा धाकटा दीरच आला होता.

"वहिनी, डोळे झाकून करा. नाकापासून शेपटीपर्यंत सगळं येतं यात."

दोन वर्षांनी कुत्रीच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. कंपनीने दावा फेटाळला. विमा काढण्यापूर्वी तिचा डावा पाय दुखावल्याची नोंद दवाखान्यात होती, आणि एका पायाची जुनी तक्रार दुसऱ्या पायालाही लागू, असं विम्याच्या नियम-पुस्तिकेत छापलेलं होतं.

"भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"अहो, एवढं बारीक कोण वाचतं?" म्हणून तो हसला.

ते हसू तिच्या डोक्यात गेलं. खर्चाची जुळवाजुळव होईपर्यंत ऑपरेशन लांबलं आणि कुत्री कायमची लंगडी झाली.

मग बाईने लाल पेन घेऊन ती पुस्तिका मुखपृष्ठापासून वाचून काढली. अपघात आणि अचानक उद्भवलेला आजार, एवढंच भरून मिळणार. जुनं दुखणं, दात, लसी, पहिल्या तीस दिवसांतलं आजारपण, यातलं काही नाही. हे सगळं तिने एका पानावर ठळक टायपात जुळवलं, खाली तो दुसऱ्या पायाचा नियम घातला आणि गठ्ठा छापून घेतला.

दीर दर शनिवारी जनावरांच्या दवाखान्यात गिऱ्हाईक गाठायचा. बाई कुत्रीला घेऊन त्याच्याच बाकावर जाऊन बसली. त्याने तोंड उघडलं की ही समोरच्याच्या हातात पान ठेवायची. लोक पान वाचायचे, मग कुत्रीच्या पायाकडे बघायचे आणि "विचार करून सांगतो" म्हणत उठायचे. चौथ्या शनिवारी तो रडकुंडीला आला.

"वहिनी, घरच्या माणसाच्या पोटावर पाय देता? ही बदनामी आहे!"

"यातलं एक कलमही माझं नाही. सगळी तुमचीच आहेत. मी फक्त अक्षर मोठं केलं."

पाचव्या शनिवारी तो फिरकलाच नाही. सासूबाईंनी तिच्याशी अबोला धरला. नवरा भाऊ आणि बायकोच्या मध्ये सापडला होता. त्याने जेवताना हळूच विचारलं, "आता तरी झालं ना समाधान?"

"कुठलं? मांजरांच्या विम्याची पुस्तिका वेगळी असते," ती म्हणाली. "ती उद्या वाचायला घेणार आहे."