थोपटण्यातला आकडा

जाड दार मागे लागलं आणि बाळाचं रडणं कापल्यासारखं बंद झालं. बाळ रडायचं थांबलं नव्हतं, तिला ते ऐकू येईनासं झालं होतं. बाहेरच्या बाकावर सासूबाई त्याला खांद्यावर घेऊन बसल्या होत्या. "जा गं निर्धास्त," त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या नवऱ्याला वाढवलंय मी. हा तर मूठभर आहे!"

बाळंतपणाची रजा अजून संपली नव्हती, तरी तिला यावंच लागलं. तिची कंपनी इंटरनेटवरच्या दुकानांना शिक्के द्यायची, 'हे दुकान खरंच तेच आहे' असे. पैसे भरताना पत्त्याशेजारी बारीक कुलूप दिसतं ना, त्याच्या मागे असा शिक्का असतो. शिक्का खरा की खोटा हे कुणाचाही फोन क्षणात तपासतो, पण तसाच दुसरा बनवणं कुणाच्या बापाला जमत नाही. त्या सगळ्या शिक्क्यांची मूळ किल्ली या बिनखिडक्यांच्या खोलीतल्या पोलादी पेटीत होती. किल्ली म्हणजे एक अगडबंब आकडा. तो पेटीनेच, पेटीच्या पोटात तयार केलेला. आजवर कुणीही पाहिला नव्हता, पेटी बनवणाऱ्यांनीसुद्धा नाही.

पेटी उघडायची नसतेच, फक्त जागी करायची असते. त्यासाठी पाच कार्डवाल्यांपैकी तिघं लागतात. प्रत्येकाचं कार्ड तिजोरीत आणि कार्डाचा आकडा ज्याच्या त्याच्या डोक्यात. कुठे लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही. एक कार्डवाला दवाखान्यात, एक परदेशात. उरली ती आणि तिचे दोन सहकारी: सगळे ज्यांना 'आजोबा' म्हणत ते म्हातारे, आणि सहसा तोंड न उघडणारा 'मौनी'. दुकानांचे सगळे शिक्के ज्याच्या आधारावर उभे, त्या कंपनीच्या जुन्या शिक्क्याची मुदत उद्या सकाळी संपत होती. आज नवा उमटला नाही तर हजारो दुकानांवर फोन लाल इशारा दाखवणार आणि गिऱ्हाइकं भरलेली टोपली टाकून पळणार.

आजोबांचं कार्ड चाललं. मौनीचंही चाललं.

तिचं नाही. आकडा चुकला.

तिने पुन्हा दाबला. पुन्हा चुकला.

"आता एकच संधी," साक्षीदार बाई म्हणाल्या. त्या बाहेरून आलेल्या. कुणावरही विश्वास न ठेवण्याचा त्यांना पगार मिळायचा. "तिसऱ्यांदा चुकलं की कार्ड कायमचं बंद."

तिच्या डोक्यात दुधाच्या वेळा होत्या, लशींच्या तारखा होत्या, आकडा मात्र पार धुऊन निघाला होता.

"घाई नाही गं पोरी," आजोबा म्हणाले. "मी चष्मा नाकावर ठेवून घरभर शोधतो."

मौनी चक्क बोलला. "पाणी देऊ?"

तिने नको म्हणून मान हलवली आणि डोळे मिटले. छातीत पान्हा दाटून आला. बाळाला भूक लागली असणार. आत्ता सासूबाई त्याला थोपटत असतील. आणि तिचा हात आपोआप टेबलाच्या कडेवर पडू लागला. थाप, थाप. जरा थांबून पुन्हा थाप.

ती दचकली. हा ठेका! दिवस भरत आले होते तेव्हा तिने हा आकडा पोटावर बोटांनी वाजवून पाठ केला होता. एकेका अंकाच्या तितक्या थापा, मध्ये श्वासभर विसावा. बाळ आतून ऐकत होतं. जन्मल्यावर ते दुसऱ्या कुठल्या ठेक्यावर झोपलंच नाही.

तिने थापा मोजल्या आणि दाबल्या. कुठले अंक ते विचारू नका.

हिरवा दिवा लागला.

पेटी हलली नाही, गुरगुरली नाही. पडद्यावर अक्षरांची एक लांबलचक ओळ उमटली. हाच नवा शिक्का, बस्स. आजोबांनी देवळात काढावी तशी टोपी काढली. इतक्या वर्षांत त्यांनी हे कितीदा पाहिलं असेल, तरी. एकमेकांवर विसंबायचं नाही असं ठरवून तिघं एकत्र आले होते आणि त्यातून आता लाखो अनोळखी माणसं ज्यावर डोळे मिटून विसंबतील अशी गोष्ट जन्मली होती. तिच्या अंगावर काटा आला. असाच काटा एकदाच आला होता, बाळाने पहिल्यांदा तिचं बोट धरलं तेव्हा.

मग ती साक्षीदार बाईंकडे वळली.

"बाई, नोंद करा," ती म्हणाली. "माझा आकडा आणखी एका व्यक्तीला माहीत आहे."

साक्षीदार बाईंचं पेन थांबलं. "कुणाला?"

"सासूबाईंना. म्हणजे... तो आपल्याला माहीत आहे हे त्यांनाच माहीत नाही. माझं बघून त्याच ठेक्यावर बाळाला थोपटतात."

आजोबा हसता हसता खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. मौनीही हसला. साक्षीदार बाईंनी गंभीरपणे सगळं लिहून घेतलं. कार्ड इतके दिवस तिजोरीतच होतं, तेव्हा नुसत्या आकड्याने काही बिघडलं नव्हतं. पण तो आत्ताच्या आत्ता बदलायचा. तिने बदलला. "आणि हा कशावरही वाजवू नका," बाई म्हणाल्या. आता त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला.

दार उघडलं. बाळ सासूबाईंच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. त्यांच्या एका हाताचं थोपटणं चालूच होतं, दुसऱ्या हातात फोन.

"आलीस? याच्यासाठी लोकरीचे मोजे बघितलेत. ते बारीक कुलूप दिसतंय इथे. भरू ना गं पैसे?"

ती त्या कुलपाकडे बघतच राहिली.

"भरा, आई," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी टेकली. तो जुनाच ठेका बाळाच्या पाठीवर पडत होता. आता त्याने कुठलीही पेटी जागी होणार नव्हती. बाळ मात्र झोपलं होतं.