ओलं वजन

बद्रीनाथ गाडेकरांच्या काट्यावर लासूर स्टेशनच्या बाजारात कधी कुणी संशय घेतला नाही, आणि ही गोष्ट ऐकणाऱ्याला पाठ होईपर्यंत सांगायची त्यांना खोड होती. बाजार समितीत ते मापाडी होते. उभी हयात शेतकऱ्यांचा माल तोलण्यात गेली. काम सुटल्यावर शहरात, पुंडलिकनगरात मुलाकडे राहायला आले, तेव्हा तोलायला काहीच उरलं नाही म्हणून माणूस जरा उदासच झाला होता. मग नात आली.

संस्कृती आली तीच घाई करून. दोन-अडीच महिने आधीच जन्मली, मूठभर जीव. बरेच दिवस मशीनच्या श्वासावर काढले, त्यात कोवळी फुप्फुसं जायबंदी झाली. घरी आली ती नाकाला ऑक्सिजनची नळी लावूनच. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, की या पोरीची बरीचशी ताकद नुसता श्वास घेण्यातच खर्च होते, तेव्हा खुराक दमदार हवा. पण पातळ जास्त झालं तर पाणी फुप्फुसात साठेल. म्हणून सून मोनाली आपलं दूध काढायची, त्यात डॉक्टरांनी दिलेली पावडर कालवायची आणि मापानं, थोडंथोडं पाजायची. दर रविवारी बाळाला काट्यावर ठेवायचं. हे काम अर्थातच बद्रीनाथांचं. त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालत.

काटा मात्र त्यांचं ऐकेना. पोर वाढायची, पण गुंजभर. शेजारपाजारची बाळं गुटगुटीत आणि आपली नात किडकिडीत, हे त्यांना फार लागे. ज्यांच्या दावणीला कधीकाळी म्हशी होत्या, त्यांच्या नातीला दूध मोजून? सुनेला त्यांनी एकदा-दोनदा सुचवूनही पाहिलं. मोनाली आवाज न चढवता म्हणाली, डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा एक चमचाही जास्त नाही. मग बद्रीनाथांनी स्वतःच्या हुशारीवर भरवसा ठेवला. मोनाली दुपारी घटकाभर डोळा लावायची, तेवढ्यात बोंडल्यातून पाणी घातलेलं गाईचं दूध नातीच्या पोटात जाऊ लागलं. बाळ निमूट पीत होतं, त्यामुळे आपलंच खरं याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

पुढच्या रविवारी काटा असा चढला की त्यांनी बाळाला पुन्हा एकदा तोललं. गालही भरलेले दिसत होते. त्यांनी पेढे आणले आणि गल्लीतलं एकही दार सोडलं नाही. आमच्या नातीनं बाळसं धरलं, असं सांगताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

मोनालीनं पेढा तोंडात घातला नाही. ती बाळाच्या सुजलेल्या पापण्या बघत होती. श्वास घाईचा झाला होता, बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि पायाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावरचा आकडा खाली येत होता. तिनं नवऱ्याला, सार्थकला, गाडी काढायला सांगितलं. बद्रीनाथही निघाले, हातात उरलेल्या पेढ्यांचा पुडा तसाच.

दवाखान्यात डॉक्टर मेघांनी मोनालीला खोदून खोदून विचारलं. दूध किती, पावडर किती, कधी काही बदललं का. तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर विचारात पडल्या. एवढ्या मापातही पाणी साठत असेल, तर हा खुराकसुद्धा फुप्फुसांना पेलत नाही. तो कमी करावा लागेल, असं त्या म्हणाल्या. खुराक कमी म्हणजे वाढ खुंटणार, आणि अंग वाढलं नाही तर फुप्फुसांचा नवा, धडधाकट भाग कुठून वाढणार, हे मोनालीला ठाऊक होतं. मान खाली घालून ती म्हणाली, मोजण्यात माझंच काही चुकलं असेल.

डॉक्टरांनी बाळाच्या पावलावर बोट दाबलं. खळगा पडला, तो तसाच राहिला.

बद्रीनाथांनी तो खळगा बघितला. ओलसर मका वजनाला जास्त भरतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. असल्या मालाची पोती जन्मभर त्यांनी नुसती मूठ भरून ओळखली होती. आणि घरच्या काट्यावर तेच वजन बघून हा शहाणा माणूस पेढे वाटत फिरला! गप्प राहिले असते तरी कुणाला कळणार नव्हतं. पण समोर सून खाली मान घालून उभी होती, आणि ते त्यांना बघवेना.

ते उभे राहिले. "डॉक्टरीणबाई, सूनबाईचं काय बी चुकलं नाय. रोज दुपारी पाण्याचं दूध मी पाजलं, हिला चोरून. हे वजन ओलं हाय, अन् पाणी माझं हाय."

सार्थक बापाकडे बघतच राहिला. मोनालीनं रागानं त्यांच्याकडे पाठ फिरवली. डॉक्टर मात्र हायसं वाटल्यासारख्या म्हणाल्या, की मग आईचा खुराक अगदी बरोबर आहे, त्यातला थेंबही कमी करायचा नाही.

बाळाला ठेवून घेतलं. औषधानं पाणी उतरलं, वजनही उतरलं. त्यानंतर बद्रीनाथांनी जे केलं त्याला छाती लागते. पेढे दिलेल्या प्रत्येक दारात ते पुन्हा गेले आणि सांगून आले, की ते बाळसं नव्हतं, सूज होती, अन् तीही आपल्या अतिशहाणपणाची. कुणी हसलं, त्यांनी हसू दिलं. मोनाली बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलली, तेही मुकाट सोसलं. मग एका दुपारी तिनं मापून भरलेली वाटी आणि चमचा त्यांच्या हातात दिला, आणि आत जाऊन खुशाल झोपली. एवढा मान त्यांना बाजार समितीनंही कधी दिला नव्हता.

संस्कृती गुंजागुंजानंच वाढली, पण ती वाढ टिकली. उंची वाढली, डोकं वाढलं, रडण्यात जोर आला. उन्हाळा सरता सरता डॉक्टरांनी नळी काढली. पोर आपला श्वास आपण घेत टकामका बघू लागली, आणि बद्रीनाथांना डोळे पुसायला सदऱ्याची बाहीच कामी आली.

बाहेर बाकावर चितेगावची एक आजी मांडीवर नळीवालं नातवंड घेऊन बसली होती. बद्रीनाथांच्या कडेवरची हसरी नात बघून तिनं विचारलं, काय चारता हो हिला?

"मला काय इचारता, बाई? मी नुसता आजा हाय," बद्रीनाथ म्हणाले. "हे सगळं आमच्या सूनबाईनं केलंय. लई खमकी हाय. तिला इचारा."

आणि मोनाली जवळ येताच ते तिला बसायला जागा देऊन उठले, आणि ती सांगत असताना नातीला घेऊन शेजारी उभे राहिले.